दुखतं म्हण, वहिनी

नणंदेचा हक्क म्हणून काही असतो की नाही? माझ्या वाट्याला तो कधी आलाच नाही. दादाचं लग्न ठरलं तेव्हाच मी कंबर कसली होती. नवी वहिनी आली की पहिल्याच आठवड्यात एक कडकडून भांडण काढायचं, म्हणजे घरात कोणाचा वट किती ते एकदाचं ठरून जातं. आणि या बाईने काय केलं? मी म्हटलं, "वहिनी, चहा पाणचट झालाय." तर म्हणाली, "खरंच हो वन्सं, आणा इकडे, दुसरा करते." आता यावर कोणी भांडायचं कसं, सांगा! दुसरा चहा चांगला झाला होता. मी मुकाट्याने प्यायले.

वहिनी एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत कामाला आहे. तळघरातली लाँड्री, वर पाहुणे गाद्यांवर लोळणार आणि खाली या बायका त्यांच्या चादरी धुऊन काढणार. धुतलेल्या चादरी तापलेल्या रोलरमधून कडक होऊन बाहेर येतात आणि मग दोघीजणी समोरासमोर उभ्या राहून घड्या घालतात. तिथला नियम एकच. समोरचीने दोन टोकं उचलली की आपण उरलेली दोन धरायची. विचारायचं नाही, बोलायचं नाही. मशीनच्या घरघराटात ऐकू तरी कोणाला येतंय? टोकं जुळवायची, हात वर करून ताणायची, दोन पावलं पुढे यायचं, टोकं समोरचीच्या हातात द्यायची, संपलं. पुढची चादर.

वर्षानुवर्षं हेच केल्यावर हाताला खोड लागणारच. माझ्याकडे आली आणि मी वाळलेली चादर दोरीवरून ओढली, की ही तोंडातला घास तसाच ठेवून उठते आणि पलीकडची टोकं धरते. एकदा आम्ही दोघी रस्त्याने चाललो होतो. पहिल्या मजल्यावरच्या कोणी बाईने गॅलरीतून चादर झटकली, तर ही खाली फुटपाथवर हात वर करून उभी! मी दंडाला धरून पुढे ओढली. "अगं, ती ओळखीची तरी आहे का?" तर म्हणे, "नाही हो, पण एकटीच झटकत होती बिचारी."

अशी ही बाई. आणि हिच्याच खांद्यावर ती गाडी यायची होती.

ओल्या चादरींनी भरलेली ढकलगाडी, म्हणजे हत्तीचं वजन. उतारावर तिचं चाक निखळलं, गाडी कलंडली आणि वहिनीने ती धरली. मी नंतर तिला विचारलंसुद्धा, "गाडी पडली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? चादरीच होत्या ना, अंडी तर नव्हती!" तर म्हणाली, "पुन्हा धुवाव्या लागल्या असत्या ना, वन्सं." उजवा खांदा जागचा निखळला, आतला स्नायू फाटला, आणि ही सगळ्यांना सांगत होती, "काही नाही झालं, काही नाही झालं." सुपरवायझरने खांदा बघितला आणि तोच मटकन खाली बसला. वहिनीने डाव्या हाताने त्याला पाणी दिलं. ही गोष्ट लाँड्रीतल्या बायका अजून हसून हसून सांगतात. मला मेलं काडीचं हसू येत नाही.

ऑपरेशन झालं, हात झोळीत आला. डॉक्टरांनी बजावलं की खांदा बरा व्हायला वेळ लागेल आणि घाई केलीत तर हात कायमचा जाईल. आणि मग घर चालायचं कसं? दादा सलूनमध्ये कारागीर आहे. पुरुषांची दाढी, कटिंग, डोक्याला मालिश. खुर्ची त्याची स्वतःची नव्हे, मालकाची. जो रोज येईल त्याची खुर्ची. बायकोचा हात झोळीत म्हटल्यावर दादाने सलूनला जाणं बंद केलं. मालक चार दिवस गोड बोलला, मग म्हणाला, "किती दिवस रिकामी ठेवू बाबा?"

अशात युनियनच्या बाई घरी आल्या. मीही होते. बाईंनी पायातल्या चपला काढता काढताच बोलायला सुरुवात केली. कामावर दुखापत झाली की उपचाराचा खर्च विम्यातून मिळतो. बरं होईपर्यंत पगारातला बराचसा भाग मिळतो. आणि जखमी माणसाचं सगळं करायला नवऱ्याला किंवा बायकोला स्वतःचं काम सोडावं लागलं, तर त्या जोडीदारालाही भत्ता मिळतो. म्हणजे दादालाही! मी तर बाईंचा हातच धरला.

"पण एक आहे," बाई म्हणाल्या. "विमा कार्यालयातून चौकशीला माणूस येईल. काय होत नाही, कोण करतं, सगळं खरं सांगा. लाजू नका. लाजणाऱ्यांचे पैसे तिथेच पडून राहतात."

बाईंनी हे माझ्याकडे बघून कशाला सांगितलं कोण जाणे. मी कुठे लाजते?

चौकशीचा माणूस आला त्या दिवशी मी मुद्दाम शिवणकाम बाजूला ठेवून लवकर गेले. दार उघडंच होतं. आत बघते तो काय, दादा पलंगावर पायावर पाय टाकून संस्थानिकासारखा बसलेला, नवा शर्ट, हात डोक्यामागे. वहिनीने झोळी काढून कुठे तरी लपवलेली आणि डाव्या हाताने चहाचा ट्रे घेऊन समोर येऊन बसलेल्या चौकशीच्या माणसाकडे चाललेली. उजवा हात पदराखाली. मला बघून दोघांचेही चेहरे पडले.

चौकशीचा माणूस भला होता. त्याने अगदी सरळ विचारलं, "बाई, घरात तुम्हाला कोण मदत करतं? तुमचे मिस्टर करतात का?"

"छे हो!" वहिनी म्हणाली. "हे तर इकडची काडी तिकडे करत नाहीत."

मी दादाकडे बघितलं. त्याच्या नव्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. मोरीत कपडे अर्धवट पिळून ठेवलेले मला दारातूनच दिसले होते.

"आणि यांना त्रास कितपत होतो?" त्याने दादाला विचारलं.

"हिला?" दादा हसला. "हिला काय धाड भरलीय! घोडीसारखी ठणठणीत आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलं, तर तो माणूस म्हणाला, "ताई, तुम्ही इथे राहता का? नाही ना? मग राहणाऱ्यांना बोलू द्या." त्याने ऐकलं ते लिहून घेतलं, चहा प्यायला आणि चहाची तारीफ करून गेला. पुढच्याच आठवड्यात कळलं की भत्ता थांबवला आहे, दोघांचाही. आता डॉक्टरांचं मंडळ वहिनीला तपासणार. हात चालतो असं ते म्हणाले, की तिने रोलरसमोर जाऊन उभं राहायचं. नाही तर नोकरी गेली.

मग मात्र मी इतक्या वर्षांचं साठवलेलं सगळं भांडण एकदम काढलं. "ताकाला जाऊन भांडं लपवताय दोघं! अगं, तुला काय वाटलं, नवरा कपडे धुतो म्हटल्यावर त्याची मिशी गळून पडेल?"

"तसं नाही, वन्सं." वहिनी पदराचं टोक पिळत होती. "सलूनमधली माणसं किती चिडवतील यांना. आधीच खुर्ची जायची वेळ आलीय माझ्यापायी. आणि मीच चारचौघांत सांगू, की हे माझी..."

"आणि तू रे, घोडीवाल्या?"

दादा खाली बघून म्हणाला, "हिनेच सांगितलं होतं. हात कामातून गेला असं लाँड्रीत कळलं तर हिच्या घड्यांच्या टेबलावर दुसरी आणून उभी करतील. म्हणून म्हटलं, ठणठणीत म्हणावं."

म्हणजे त्याची अब्रू तिने झाकली, तिची त्याने, आणि दोघांच्या झाकाझाकीत भत्ता गेला उडत. मी कपाळावर हात मारून घेतला. राग तर इतका आला होता, आणि तरी मेलं कुठे तरी आत गलबललं. मला असं झाकायला कोण आहे? पण ते असो.

मी ठरवलं, हिला दुखतं म्हणायला शिकवायचंच. रोज संध्याकाळी शिवणकाम आटोपलं की मी जायची. गळ्यात मोजायची टेप अडकवून स्टुलावर बसायची. मी डॉक्टर, वहिनी पेशंट. दादाला आम्ही बाहेर काढत होतो, कारण तो मधेच हसायचा.

"बोला बाई, काय होतंय?" मी दरडावून विचारायची.

"काही नाही, डॉक्टर. तुम्ही कशा आहात?"

"वहिनी!"

"चुकलं. दुखतं."

"असं? भाजीवाल्याला 'मेथी आहे का' विचारतात तसं? जरा कण्ह की!"

ती कण्हायची म्हणजे काय, घसा खाकरायची. मग मीच करून दाखवायची. डोळे मिटून, खांदा धरून, "आई आई गं, मेले गं!" एकदा तर शेजारीण धावत आली आणि मलाच पाणी पाजू लागली. वहिनी तोंडावर पदर धरून हसत होती. पालथ्या घड्यावर पाणी! हिच्या अंगात दुखणं होतं, पण तो शब्द काही तोंडातून निघेना.

त्याच दिवशी माझं लक्ष तिच्या वेणीकडे गेलं. घट्ट, सरळ, एकही बट बाहेर नाही. "एका हाताने वेणी कशी घालतेस गं?" मी विचारलं.

"शेजारीण घालून देते," वहिनी पटकन म्हणाली.

मी त्या शेजारणीच्या डोक्याकडे बघितलं. कावळ्याने घरटं सोडून जावं असं तिचं स्वतःचं डोकं. पण म्हटलं, असेल बाई, दुसऱ्याचं करताना हात वळत असेल. तेवढ्यात चूल विझवायला शेजारीण घरी पळाली आणि विषय तिथेच राहिला.

मंडळाचा दिवस उजाडला. वहिनी, दादा आणि मी. दारावरच्या शिपायाने मला अडवलं. "पेशंट आणि जोडीदार, बस. तुम्ही कोण?"

"नणंद."

"नणंद कशाला?"

"भांडायला," मी म्हटलं आणि आत शिरले.

आत दोन डॉक्टर. एक पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई आणि एक चष्मेवाला तरुण डॉक्टर. भिंतीशी तपासायचा पलंग आणि एक नर्स. दादा कोपऱ्यात उभा राहून पंख्याकडे बघू लागला. मीच त्याला सांगितलं होतं, तू तोंड उघडू नकोस, तुझ्या तोंडात घोडी बसलेली असते.

"बसा बाई," चष्मेवाले म्हणाले. "झोळी काढा आणि उजवा हात वर करून दाखवा बघू. जमेल तितका."

वहिनीने झोळी काढली. मी मागून पुटपुटले, "दुखतं म्हण, वहिनी, दुखतं म्हण."

आणि नेमकं त्याच वेळी, माझं नशीब बघा, नर्सने पलंगावरची आधीच्या पेशंटची चादर ओढली आणि दोन टोकं धरून झटकली.

वहिनी उठली. समोर डॉक्टर, मागे मी, कोपऱ्यात नवरा, कोणी म्हणजे कोणी तिला दिसत नव्हतं. ती सरळ गेली आणि उरलेली दोन टोकं धरून उभी राहिली. नर्ससुद्धा अशी की तिने मुकाट्याने घडी घालायला सुरुवात केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! मी मनातल्या मनात तिला, तिच्या लाँड्रीला आणि जगातल्या सगळ्या चादरींना शिव्या घातल्या.

चादर टेबलावर ठेवून, कडा हाताने सारख्या करून वहिनी वळली, तेव्हा कुठे तिला कळलं आपण काय केलं ते. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हात तर छान चालतोय की," चष्मेवाले म्हणाले. टोचून नाही, साधंच म्हणाले. त्यांनी पेन उचललं.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टोकं जुळवताना यांनी हात वर केला नाही. कोपर अंगाला चिकटलेलंच होतं. उजवं टोक हनुवटीखाली धरलं होतं, बघितलंत?"

मी नव्हतं बघितलं. मी शिव्या घालण्यात गुंतले होते.

"सवय हो," वहिनी घाईघाईने म्हणाली. "काही नाही त्यात."

डॉक्टरीणबाईंची नजर तिच्या पाठीवर गेली. "वेणी सुरेख आहे. कोण घालतं?"

"मीच," वहिनी म्हणाली.

घ्या! मला शेजारीण सांगितलं आणि इथे मीच. आता ही बाई स्वतःच्याच तोंडाने हात ठणठणीत असल्याचं सिद्ध करून मोकळी होणार. मला रडू यायचंच बाकी होतं.

"सोडा बघू," बाई म्हणाल्या. "आणि पुन्हा घाला."

वहिनीने डाव्या हाताने वेणी सोडली. केस पाठीवर पसरले. मग तिने उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. पुन्हा उचलला. तिथेच थांबला. ती खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

मग कोपऱ्यातून पावलं वाजली. दादा पुढे आला. खुर्ची पायाने ओढून त्याने तिच्यामागे लावली आणि म्हणाला, "बस."

ती बसली. दादाने शर्टाच्या खिशातून कंगवा काढला, तोच, सलूनमधला. "मान," म्हणाला, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. तिने मान खाली घातली. इतक्या वर्षांत या माणसाने पुरुषांची डोकी भादरली, लांब केसांना कधी हात लावला नव्हता. आणि त्याची बोटं अशी चालत होती, जशी मी शिलाई घालताना माझी चालतात. न बघता तीन पेड केले, न बघता एकावर एक टाकू लागला. उजवीकडची बट मागे घेताना तिचा खांदा जरासा ओढला गेला.

"हळू हो," वहिनी म्हणाली. "दुखतंय."

"झालं, झालं. एवढा पेड."

"काल पण असंच म्हणालात."

"काल गुंता होता. मान वर नको करू."

"अहो, खरंच दुखतंय. काल झोपच नाही लागली त्या अंगावर."

"माहितीय. मी जागाच होतो."

ती दोघं जणू आपल्या घरातच होती. त्या खोलीत डॉक्टर आहेत, नर्स आहे, नणंद नावाची अवदसा आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी आठवडाभर टेप गळ्यात घालून घसा फोडला तो शब्द ही रोज सकाळी म्हणत होती, पाठमोरी बसून, एकाच माणसाला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी नर्सच्या त्या घडी घातलेल्या चादरीनेच डोळे पुसले.

दादाने वेणीला गाठ मारली, कंगवा फुंकून खिशात ठेवला आणि मग त्याला भान आलं. कान लालबुंद झाले त्याचे.

"रोज तुम्हीच घालता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोज," दादा म्हणाला.

"आणि बाकीचं? आंघोळ, स्वयंपाक, कपडे?"

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनीने खाली बघून मान हलवली, सांगा म्हणून.

"सगळंच," दादा म्हणाला. "सलून सोडलंय मी."

चष्मेवाल्यांनी पेन पुन्हा उचललं आणि या वेळी बराच वेळ लिहिलं. हात अजून कामाचा नाही. तो बरा होईपर्यंत तिला पगाराचा भाग मिळेल आणि दादाला जोडीदाराचा भत्ता. तिचं टेबल तिच्यासाठीच राखून ठेवायचं, हेही लाँड्रीला कळवतो म्हणाले. मी विचारलं, "नणंदेला काही मिळतं का हो?" तर बाई म्हणाल्या, "तुम्हाला ती चादर धुवायला मिळेल."

बाहेर आलो. दादा पुढे झपझप चालला होता, कोणी ओळखीचं बघायला नको म्हणून. वहिनी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, रागावलात का हो? तुम्ही एवढं शिकवलंत आणि मी ती चादर धरून बसले."

"अगं, चादर खड्ड्यात जाऊ दे," मी म्हटलं. "दुखतं म्हणालीस ना, जिंकलीस."

वहिनी चालता चालता थांबली. माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मीच वेडी.

"मी?" ती म्हणाली. "मी कधी म्हणाले?"